गावात पवनचक्की, सोलर नाहीतर टॉवर लाईन येतेय? हरकत कुठं घ्यायची अन् सही कधी करायची

बीड, धाराशिव, लातूरकडच्या माळावर सध्या कुठंही जा, पारावर विषय एकच. कंपनीची माणसं आलीत, कोणाची किती जमीन जातेय, एकराला काय भाव देतायत, कोणी सही केली अन् कोण अडून बसलाय. मग गावात दोन गट पडतात, एक म्हणतो येऊ द्या, नाहीतरी ह्या बरड रानात काय पिकतंय, दुसरा म्हणतो हाकलून द्या. पण कायद्यानं गावाला नेमकं कुठं बोलायचा हक्क दिलाय अन् कुठं दिलेला नाही हे दोन्ही गटांतल्या बहुतेकांना माहीत नसतं, त्यामुळे जिथं ऐकायचं बंधन कोणावरच नाही तिथं आपण उपोषणाला बसतो आणि जिथं ऐकणं भाग आहे तिथं आपला साधा एक अर्जसुद्धा नसतो. म्हणून हे सगळं एका जागी लिहून काढलंय. लांब आहे, पण सही करायच्या आधी पूर्ण वाचा.

आधी बघा, येणारी वीज कुठली आहे

२००३ च्या वीज कायद्याच्या कलम ७ नं वीज निर्मितीचं लायसनच काढून टाकलं, म्हणजे तांत्रिक अटी पाळल्या की कोणतीही कंपनी वीज तयार करू शकते. मोठ्या जलविद्युतचं वेगळं आहे, तिथं केंद्रीय वीज प्राधिकरणाची मंजुरी लागते. मग प्रकल्पाला कोणी विचारणारं असतंच का, तर असतं, चार ठिकाणी: पर्यावरण, पाणी, जमीन आणि लाईन. पण प्रत्येक प्रकारच्या विजेला ही चारही ठिकाणं लागत नाहीत, आणि आपल्या माळावर काय येतं काय येत नाही हे निम्मं तिथंच ठरतं.

कोळशाचं घ्या. औष्णिक केंद्र उभं करायचं किंवा वाढवायचं तर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते आणि त्यात जनसुनावणी येते. प्रदूषण नियंत्रण मंडळानं निदान ३० दिवस आधी जाहीर नोटीस द्यायची, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या खालचा नसलेला प्रतिनिधी अध्यक्ष असतो, सगळ्याचं व्हिडिओ शूटिंग होतं, तुम्ही बोललेलं इतिवृत्तात येतं आणि कंपनीला अंतिम अहवालात त्या मुद्द्यांना उत्तर द्यावं लागतं. तिथं मतदान होत नाही हे ध्यानात ठेवा, हजार माणसांनी नको म्हटलं म्हणून प्रकल्प आपोआप रद्द होत नाही, पण लेखी दिलेला एक पक्का मुद्दा पुढं हरित न्यायाधिकरणापर्यंत टिकतो.

सोलर आणि पवनचक्की मात्र ह्या अधिसूचनेच्या यादीतच नाहीत. म्हणजे माळावर पन्नास पवनचक्क्या उभ्या राहिल्या तरी जनसुनावणी नाही, पर्यावरण अहवाल नाही, जिल्हाधिकाऱ्यांपुढं माईकवर बोलायची संधी नाही. त्यामुळे जनसुनावणी लावा म्हणून निवेदन देत फिरण्यात वेळ घालवू नका, ती होणारच नाही. सोलर-पवनमध्ये गावाची खरी ताकद उरते ती दोन ठिकाणी, जमिनीच्या करारात आणि लाईनमध्ये. हे एवढं जरी गावाला नीट समजलं तरी निम्मं काम झालं.

कंपन्या अन् सरकारं हा सगळा हिशोब करूनच ठिकाण निवडतात, आणि हे फक्त आपल्याकडं नाही. इंग्लंडमध्ये २०१५ ला नियम आला की स्थानिक लोकांचा पाठिंबा असल्याशिवाय जमिनीवर पवनचक्की नाही, त्यानंतर तिथं जमिनीवरच्या नवीन पवनचक्क्या जवळपास थांबल्या, तो नियम जुलै २०२४ मध्ये काढला. जर्मनीतल्या बव्हेरिया राज्यानं २०१४ ला ठरवलं की घरापासून पवनचक्कीच्या उंचीच्या दहापट अंतर पाहिजे, तिथंही तेच झालं. आपल्या राज्यात जैतापूर बघा, ९,९०० मेगावॅटचा अणुप्रकल्प, २०१० ला पर्यावरण मंजुरी मिळाली, २०११ च्या एप्रिलमध्ये आंदोलनात पोलीस गोळीबारात एकाचा जीव गेला, आणि अजून तिथं एकही अणुभट्टी उभी नाही, अर्थात त्यात पैशाचे आणि अपघात झाला तर भरपाई कोणाकडं ह्याचेही वाद आहेत. विजेची मागणी मात्र कमी होत नाही. केंद्रानं २०२३ मध्ये ठरवून दिलंय की २०२९-३० पर्यंत वितरण कंपन्यांच्या एकूण विजेत ४३.३३ टक्के अपारंपरिक वीज पाहिजे, तेव्हा महावितरणला ही वीज घ्यावीच लागणार, आणि मग ती तिथंच उभी राहते जिथं वारा, ऊन, स्वस्त जमीन अन् कमी विचारणारी माणसं आहेत. आपल्याकडं पहिल्या तीन गोष्टी भरपूर आहेत. चौथी आपण बदलू शकतो, म्हणून तर हे लिहितोय.

परळीचं उदाहरण गावात सांगा

मराठवाड्यात कोळशाची वीज म्हणजे परळी. विरोधापेक्षा तिथं पाण्यानंच निर्णय केला. फेब्रुवारी २०१३ ला आणि परत जुलै २०१५ ला पाणी नाही म्हणून अख्खं केंद्र बंद ठेवावं लागलं. हिशोब करून बघा. २०१५ च्या डिसेंबरात केंद्रानं जुन्या औष्णिक केंद्रांना पाण्याची मर्यादा घातली, एक मेगावॅट-तासाला ३.५ घनमीटर, म्हणजे एका युनिटला साडेतीन लिटर. परळीत आता २५० मेगावॅटचे तीन संच आहेत, त्यातला एकच संच दिवसभर पूर्ण क्षमतेनं चालला तर मर्यादेत राहूनही दिवसाला २१,००० घनमीटर, म्हणजे २ कोटी १० लाख लिटर पाणी. दहा हजार लिटरचे २,१०० टँकर, रोज, एका संचाला. एप्रिल २०१६ ला मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली तेव्हा पहिल्या खेपेत ५ लाख लिटर होतं. राज्याच्या जलनीतीत प्यायचं पाणी पहिलं, शेती दुसरी, उद्योग त्याच्यानंतर, म्हणून दुष्काळात केंद्रच बंद पडणार हे ठरलेलं.

हे गावात सांगायचं कारण, "कुठलाच प्रकल्प नको" म्हणणाऱ्यांना सुद्धा कळलं पाहिजे की आपल्या भागाला सोलर आणि वाऱ्याची वीज खरंच सोयीची आहे, तिला पाणी जवळपास लागत नाही, राख नाही. परळीजवळ राखेच्या तळ्याच्या शेजारी राहणाऱ्याला विचारा उन्हाळ्यात वावटळ उठली की घरात काय येतं. माझं स्पष्ट मत आहे, सोलर आला पाहिजे, पवनचक्की पण आली पाहिजे, दिवसा लाईट मिळाली तर रात्री बारा वाजता बॅटरी घेऊन पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला साप-इंचवाचं भ्या राहणार नाही. पण ते गावाच्या अटीवर आलं पाहिजे.

सातबारा काढा, आणि सगळ्यात आधी वर्ग बघा

कंपनीचा माणूस दारात आला की पहिलं काम सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार काढायचं. भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २ (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी), हे बघा. आपल्याकडं निजामाच्या काळापासूनची भानगड जास्त आहे, मदतमाश, खिदमतमाश, देवस्थान इनाम, महार वतन, सीलिंगची जमीन, कुळाची जमीन. कुळकायदासुद्धा आपल्याला वेगळा लागतो, १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा. ह्यातल्या बऱ्याच जमिनी परवानगीशिवाय विकता किंवा भाड्यानं देता येत नाहीत, आणि एजंट सांगतो की "आपण इसार पावती करून ठेवू, परवानगीचं मी बघतो". असं करू नका. पुढं शर्तभंगाची नोटीस आली तर ती तुमच्या नावावर येणार, एजंटच्या नाही.

दुसरं म्हणजे हिस्सेदार. वडिलांच्या नावावर जमीन आहे, वडील वारले, फेरफार झाला नाही, बहिणींची नावं लागली नाहीत, अन् भावानं एकट्यानं सही केली. हे प्रकरण हमखास कोर्टात जातं आणि भाडं बंद पडतं. आधी वारसाची नोंद करा, सरकारी मोजणी करून हद्दी कायम करा, मगच बोलणी. मोजणीला वेळ लागतो म्हणून कंपनीचा माणूस घाई करेल. त्याला घाई आहे, तुम्हाला नाही.

आणि एक मोठा गैरसमज. लोक म्हणतात भूसंपादन कायद्यात ७० ते ८० टक्के शेतकऱ्यांची संमती लागते, चारपट पैसे मिळतात. ते २०१३ च्या कायद्यातलं आहे, आणि सरकार जमीन संपादित करत असेल तेव्हाच लागू होतं, संमती खाजगी कंपनीसाठी घेताना ८० टक्के, सरकार-खाजगी भागीदारीला ७०. कंपनी तुमच्याकडून थेट विकत घेतेय किंवा भाड्यानं घेतेय तर ह्यातलं काही लागू नाही. तिथं तुमचा कायदा म्हणजे तुमचा करार.

करारात काय बघायचं

वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडं रजिस्टर झालाच पाहिजे. नोटरीवर किंवा शंभर-पाचशेच्या बॉंडवर झालेल्या कराराच्या जोरावर पंचवीस-तीस वर्षांची जमीन देऊ नका. कुलमुखत्यारपत्र कोणत्याच परिस्थितीत देऊ नका, भाडेपट्ट्याला त्याची गरज नाही, आणि ते दिलं की तुमच्या जमिनीवर कोण कर्ज काढेल हे तुमच्या हातात राहत नाही. करारात स्पष्ट लिहून घ्या की कंपनी आपला भाडेहक्क बँकेकडं ठेवू शकते पण मालकाची जमीन गहाण ठेवू शकत नाही. कंपनी दुसऱ्या कंपनीला विकली तर नवीन कंपनीवर सगळ्या अटी बंधनकारक, हे पण लिहा, कारण ह्या धंद्यात प्रकल्प उभा करणारा एक आणि चालवणारा दुसरा असं नेहमी होतं.

मुदत संपल्यावर काय, हा मुद्दा सगळे विसरतात. पवनचक्कीच्या पायात जमिनीखाली सिमेंट-लोखंडाचा भला मोठा ठोकळा असतो, तो कोण काढणार, किती खोलपर्यंत काढणार, सोलरचे लोखंडी खांब अन् तुटक्या प्लेटा कोण उचलणार? ह्यासाठी बँक गॅरंटी मागा, निदान शेवटच्या काही वर्षांत तरी. कोरं वचन पंचवीस वर्षांनी कामाला येत नाही, तोवर बोलणारा माणूसही नसेल आणि कदाचित कंपनीही.

भाड्याचा अंदाज यायला सरकारी दर हाताशी ठेवा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ला सुरू झाली तेव्हा भाडं कमी होतं, जमीन काही येईना, मग दर वाढवत नेला, हेक्टरी ७५,००० केला, आणि २०२३ ला आलेल्या योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात (२.०) हेक्टरी १ लाख २५ हजार, म्हणजे एकराला ५० हजार वर्षाला, आणि त्यावर दरवर्षी मूळ दराच्या ३ टक्के सरळ वाढ. लोकांनी जमीन दिली नाही म्हणून सरकारला दर वाढवावा लागला, गावाचं "नाही" असं सुद्धा काम करतं. सरळ वाढ म्हणजे अकराव्या वर्षी एकराला ६५ हजार. महागाईच्या मानानं ती वाढ कमीच आहे, खाजगी कंपनीशी बोलताना चक्रवाढ मागा. एक मेगावॅट सोलरला साधारण चार ते पाच एकर लागतात, त्यावरून कंपनी किती कमावणार ह्याचा अंदाज करता येतो. ह्या २.० मधला राज्यातला पहिला प्रकल्प आपल्याच वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला झाला, ३ मेगावॅट, सही करायच्या आधी जमलं तर गावातल्या चार जणांनी जाऊन बघून यावं, कुंपण कसं आहे, पाण्याचा निचरा कुठं केलाय, शेजारच्याच्या रानात पाणी घुसतंय का.

निचऱ्याचं खरंच बघा. माळ सपाट केला, नैसर्गिक नाली बुजवली की पहिल्याच मोठ्या पावसात खालच्या शेतकऱ्याचं सोयाबीन वाहून जातं, आणि त्याचा करार कोणाशीच नसतो. गावानं एकत्र बसून शेजाऱ्यांसाठी सुद्धा अट टाकावी. तसंच पाणंद रस्ते, पवनचक्कीचं पातं घेऊन येणारा ट्रेलर आणि खडीचे हायवा एका हंगामात रस्ता उखडून टाकतात, काम संपल्यावर रस्ता पूर्वीसारखा करून द्यायचा हे लेखी पाहिजे.

पवनचक्कीचं अंतर

केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सांगितलंय, रस्ता, इमारत, मोठी लाईन ह्यांच्यापासून टर्बाइनचं अंतर मोजायचं कसं: खांबाची उंची, अधिक पात्याच्या चकराचा अर्धा व्यास, अधिक ५ मीटर. समजा खांब १२० मीटर आणि चकराचा व्यास १४० मीटर, तर १२० अधिक ७० अधिक ५ म्हणजे १९५ मीटर. आणि आवाजासाठी वस्तीपासून ५०० मीटर. ही तत्त्वं आहेत, कायद्यासारखी कडक नाहीत, पण करारात अन् ग्रामसभेच्या ठरावात त्यांचा उल्लेख केला की समोरच्याला टाळता येत नाही. कंपनीकडून प्रत्येक टर्बाइनचा गट नंबर, खांबाची उंची आणि व्यास लेखी मागा आणि स्वतः टेपनं मोजा.

एक विनंती, हरकतीत "पवनचक्कीमुळं ढग पळून जातात, पाऊस पडत नाही" असं लिहू नका. लोकांची भावना कळते, दुष्काळ बघितलेल्या माणसाला शंका येणारच, पण ह्याला आधार नाही, आणि असं एक वाक्य असलं की अधिकारी पूर्ण अर्ज बाजूला ठेवतो, त्याच अर्जातला झाडतोडीचा खरा मुद्दा पण जातो. झाडं तोडली असतील तर गट नंबर, झाडाची जात, तारीख, फोटो, आणि तोडायची परवानगी दाखवा अशी मागणी. एवढंच लिहा, ते टिकतं.

लाईनचं प्रकरण, इथं सगळ्यात जास्त फसवणूक होते

टर्बाइन शेजारच्या रानात आणि तार तुमच्या रानातून, भाडं त्याला आणि त्रास तुम्हाला. म्हणून हे नीट समजून घ्या. वीज कायद्याच्या कलम १६४ खाली सरकार लाईन टाकणाऱ्याला १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातले अधिकार देऊ शकतं. तो आदेश असेल तर तुमच्या पूर्वसंमतीशिवाय लाईन नेता येते, तुम्ही अडवलं तर जिल्हा दंडाधिकारी परवानगी देतात, आणि तुमच्याकडं उरतो तो भरपाईचा हक्क, ती कमी वाटली तर कलम १६(३) नं जिल्हा न्यायाधीशांकडं जाता येतं. पण तो आदेश नसेल तर २००६ च्या लायसनधारकांच्या कामांच्या नियमांप्रमाणे मालकाची आधी संमती पाहिजे, आणि तुम्ही हरकत घेतली तर त्यांना जिल्हा दंडाधिकाऱ्यांची लेखी परवानगी आणावी लागते. म्हणून रानात मोजणीवाले दिसले की भांडण करू नका, शिवीगाळ तर मुळीच नको, सरळ एकच प्रश्न विचारा, "कलम १६४ च्या आदेशाची प्रत दाखवा, आणि लाईन किती केव्हीची आहे ते लिहून द्या".

केव्ही म्हणजे लाईनमधल्या विजेचा दाब, किलोव्होल्टमध्ये. तो का विचारायचा? केंद्राची १४ जून २०२४ ची भरपाईची मार्गदर्शक तत्त्वं ६६ केव्ही आणि त्यावरच्या टॉवर लाईनसाठी आहेत. त्यात टॉवरच्या पायाखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के, आणि तारेखालच्या पट्ट्याला ग्रामीण भागात ३० टक्के. टॉवरची जागा म्हणजे चार पायांमधली अधिक प्रत्येक बाजूला एक मीटर. आधीच्या २०१५ च्या तत्त्वांत हेच ८५ आणि १५ टक्के होतं, देशभर शेतकऱ्यांनी लाईनी अडवल्या तेव्हा वाढलंय. उदाहरण म्हणून धरा, १३२ केव्हीच्या लाईनचा पट्टा २७ मीटर रुंद, तुमच्या रानातून १०० मीटर जातो, म्हणजे २,७०० चौरस मीटर, जवळपास पावणेसत्तावीस गुंठे. गुंठ्याला २० हजार किंमत धरली तर ३० टक्क्यानं साधारण १ लाख ६० हजार. पिकाची अन् झाडांची नुकसानभरपाई ह्याच्या वेगळी. तत्त्वं केंद्राची आहेत, प्रत्यक्ष दर राज्याच्या आदेशानं लागतो, तेव्हा तहसीलमधून सध्याच्या शासन निर्णयाची प्रत घ्याच.

आता पवनचक्कीपासून उपकेंद्रापर्यंतच्या आतल्या लाईनी बहुतेक ३३ केव्हीच्या असतात, खांबावरच्या, त्यांना वरचं काही लागू नाही. तिथं जे मिळेल ते बोलणीतून. म्हणून ३३ केव्हीच्या खांबासाठी एकेकट्यानं पाच-दहा हजार घेऊन सही करू नका, लाईनीच्या रस्त्यातले सगळे शेतकरी एकत्र बसा, खांब बांधावरून घ्यायला लावा, दर एकच ठरवा.

गायरानावर सोलर येत असेल तर

इथं मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. कृषी वाहिनी योजनेत सरकारी जमीन नाममात्र भाड्यानं जाते. तेवढीच २० एकर खाजगी जमीन असती तर मालकांना वर्षाला १० लाख मिळाले असते, गायरान असलं तर गावाला मिळतात ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख असे तीन वर्षं, एकूण १५ लाख, आणि मग पुढची पंचवीस वर्षं चराईची जागा कुंपणात. गायरान ज्याच्या कामाचं आहे तो माणूस ग्रामसभेत मागं उभा असतो, शेळ्या-मेंढ्यावाला, भूमिहीन, आणि पिढ्यानपिढ्या गायरान कसून खाणारी दलित, पारधी कुटुंबं. १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करायचा शासन निर्णय आहे, पण हजारो प्रकरणं तशीच लोंबकळत पडलीत. असं कुटुंब तुमच्या गावात असेल तर आत्ताच तलाठ्याकडून गाव नमुना १-ई (अतिक्रमणांची नोंदवही) चा उतारा, जुन्या दंडाच्या पावत्या, पंचनामे गोळा करायला मदत करा, एकदा कुंपण झालं की कागद शोधून उपयोग नाही. गावकीच्या सामाईक जमिनींवर २०११ मध्ये सुप्रीम कोर्टानं कडक निकाल दिलाय, जगपाल सिंग विरुद्ध पंजाब सरकार, अर्जात त्याचा उल्लेख करा, पण लक्षात ठेवा तोच निकाल अतिक्रमण काढायला पण वापरतात, म्हणून कसणाऱ्यांचा मुद्दा वेगळ्या अर्जात मांडा.

ग्रामसभेचा ठराव किती चालतो हेही खरं सांगतो. किनवट-माहूर पट्ट्यातली पेसाची (आदिवासी भागात ग्रामसभेला जास्त अधिकार देणारा कायदा) गावं सोडली तर मराठवाड्यात ग्रामसभेच्या "नाही" नं प्रकल्प कायद्यानं थांबत नाही. पण ठराव नोंदीला असला की जिल्हाधिकाऱ्यांना आणि कोर्टाला तो बघावा लागतो, आणि बँका सुद्धा वादातल्या जागेवर कर्ज द्यायला कचरतात. गणपूर्ती पाहिजे, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, जे कमी असेल ते. सह्या खऱ्या घ्या. ठरावात नुसतं "विरोध आहे" लिहू नका, पर्याय लिहा, अमुक गटातली पडीक जागा घ्या, एवढी चराईला सोडा, पाणवठ्याची वाट मोकळी ठेवा.

जायकवाडीवरून शिकण्यासारखं आहे. धरणाच्या पाण्यावर तरंगता सोलर येणार म्हटल्यावर मासेमारी करणाऱ्यांच्या संघटनेनं हरित न्यायाधिकरणात आणि नंतर सुप्रीम कोर्टात दाद मागितली, म्हणणं होतं की हा पक्षी अभयारण्याचा इको-सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे अभयारण्याभोवतीचा जपायचा पट्टा आहे. एप्रिल २०२५ मध्ये ती फेटाळली गेली. अडचण ही होती की २०१७ च्या त्या झोनच्या अधिसूचनेतच अपारंपरिक ऊर्जेला मनाई नव्हती, उलट प्रोत्साहन द्यायच्या कामांत ती होती. मासेमारांच्या पोटाचा प्रश्न खराच आहे, पण तो अधिसूचनेचा मसुदा हरकतींसाठी जाहीर होतो तेव्हाच मांडावा लागतो. तुमचं गाव नायगावच्या मयूर अभयारण्याजवळ किंवा दुसऱ्या कुठल्या अभयारण्याजवळ असेल तर आधी अधिसूचना मिळवून वाचा.

पैसे आणि मधली माणसं

डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला, आणि आरोपपत्रात पवनऊर्जा कंपनीकडं मागितलेल्या खंडणीचा विषय आला. अख्ख्या राज्यानं ते बघितलंय. म्हणून सांगतो, गावाच्या वतीनं कोणी एकट्यानं कंपनीशी बोलायचं नाही. पाच-सात जणांची समिती ग्रामसभेत निवडा, त्यात बायका आणि भूमिहीन पाहिजेत, बैठक ग्रामपंचायतीतच, इतिवृत्त लिहून, पैसे फक्त बँकेतून. कोणी "मी सेटिंग करून देतो" म्हणाला, किंवा काम बंद पाडायला पोरं पाठवतो म्हणाला, तर त्याला त्याच दिवशी समितीतून बाहेर काढा. धमकी आली तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांकडं.

मुदती

माहिती अधिकारात १० रुपयांत अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. पर्यावरण मंजुरीला आव्हान द्यायचं तर हरित न्यायाधिकरणाच्या पुण्याच्या पीठाकडं ३० दिवसांत, कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस मिळू शकतात, त्यानंतर दार बंद. वीज दराच्या आणि खरेदीच्या प्रकरणांत राज्य वीज नियामक आयोग जाहीर सूचना काढून हरकती मागवतो, तिथं कोणताही ग्राहक लिहू शकतो, आपल्याकडून फार कमी लोक लिहितात.

अर्ज असा करा, साध्या कागदावर, तीन प्रतीत:

"मा. जिल्हाधिकारी साहेब, विषय: मौजे ____, ता. ____ येथील गट नं. ____ मधून जाणाऱ्या वीज लाईनबाबत हरकत. मी वरील गटाचा मालक/कब्जेदार आहे. माझ्या जमिनीत दि. ____ रोजी पूर्वसूचना न देता मोजणी झाली. कलम १६४ चा आदेश, लाईनचा मंजूर नकाशा, किती केव्हीची लाईन आणि भरपाईचा हिशोब मला लेखी मिळावा. तोपर्यंत माझी संमती नाही. लाईन बांधाच्या कडेनं गट नं. ____ मधून नेता येते, नकाशा सोबत जोडला आहे. सोबत: सातबारा, फोटो, ग्रामसभा ठराव."

एक प्रत आवक-जावकला द्यायची, एक तहसीलला, आणि तिसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का अन् सही घेऊन ती घरी ठेवायची. शिक्का मारायला क्लार्क उद्या या म्हणाला तर तोच अर्ज त्याच दिवशी पोस्टातून रजिस्टर एडीनं पाठवा.